पंचवीस-बाराचं भांडण

साडूभाऊ,

तुमच्या दहाव्याला ताप्तीच्या घाटावर मी गुरुजींना विचारलं, "मला सुतक किती?" पिंडावरचा हात न काढता ते म्हणाले, "नात्याने कोण?" म्हटलं, "साडू." "मग तुम्हाला काही नाही. साडूला सुतक नसतं." संपला विषय. तुमचा तो चुलतभाऊ, ज्याने वाटणी झाल्यापासून तुमचं तोंड पाहिलं नव्हतं, तो डोकं भादरून मानाने पुढे बसला होता आणि मी मागे सगळ्यांच्या चपला राखत उभा होतो. मला राग आला. तोही तुमच्यावरच आला, कारण राग काढायला हक्काचं माणूस मला एकच होतं.

आपलं नातं तसं उसनंच. माझी मंगला ही तुमच्या आक्कांची धाकटी बहीण, म्हणून मी तुमचा साडू. तुमच्यात-माझ्यात रक्ताचं काही नाही. धूलकोटची केळीची शेती सोडून मी बुरहानपुरात आलो, तुमच्या असीरगढ रोडवरच्या ओतकामाच्या शेडमध्ये वाळूचे साचे करायला लागलो, आणि त्या दिवसापासून तुम्ही एक म्हणायचं आणि मी त्याच्या उलट म्हणायचं, असा रिवाजच पडला. आक्का सगळ्यांना सांगायच्या, यांचा कारखाना बिजलीवर नाही, भांडणावर चालतो.

बुधवारा मोहल्ल्यात तुमची शोकसभा झाली. एक वक्ते म्हणाले, स्वर्गीय प्रभाकरजी लोखंडाचे कारखानदार होते. तुम्ही असता तर तिथल्या तिथे उठला असता. "लोखंड नाही हो, उष्णतेला दाद न देणारं ओतीव स्टेनलेस." मग पुढचा अर्धा तास त्या बिचाऱ्याची सुटका नव्हती. मला उठून तेच सांगावंसं वाटलं, पण मंगलाने माझा सदरा धरून ठेवला होता. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, माणूस आगीत उभा होता तोवर ठणठणीत होता, डॉक्टरांनी घरी बसवलं आणि गेला. लोकांनी माना डोलावल्या. मला ते मुळीच आवडलं नाही. तुमचं हृदय आधीपासून कमजोर होतं आणि तुम्ही गोळ्या विसरायचात, एवढाच त्याचा अर्थ. माणूस म्हणजे फायरबार नव्हे.

फायरबार म्हणजे काय हे त्या सभेत निम्म्यांना माहीत नसणार. कापड या गावच्या अंगावर आहे, पण सुताला खळ देणाऱ्या सायझिंगच्या मागच्या दारी कोण जातं? तिथे बॉयलर असतो, बॉयलरच्या पोटात आग, आणि आगीखाली ज्या आडव्या सळ्यांवर कपाशीच्या पऱ्हाट्या आणि लाकडं जळतात, त्या सळ्या आपण ओतायचो. पूर्वी सगळीकडे बिडाच्या असायच्या. त्या वर्षा-दोन वर्षांत वाकायच्या, पापुद्रे सुटून झिजायच्या. तुम्ही आमच्या गावाला पंचवीस-बारा शिकवलं. शंभरात पंचवीस भाग क्रोमियम, बारा भाग निकेल, जरासा कार्बन, जरासं सिलिकॉन, बाकी लोखंड.

हे तुम्ही मंगलाला आमच्या स्वयंपाकघरात समजावलं होतं, आठवतं? गॅसवर दूध तापत होतं. तुम्ही म्हणालात, "हे पाय मंगला, सायीखालच्या दुधाले हवा लागत नाही. क्रोमियम बी तसंच करते. आगीत सळीवर पातळ साय धरते आणि आतल्या धातूले जळू देत नाही. आन् ती साय फाटली तर आपली आपणच परत धरते." मग निकेलवर आलात. निकेल धातूची आतली घडी मोडू देत नाही. मग कार्बनवर. पातेल्याच्या स्टेनलेसमध्ये कार्बन जितका कमी तितका बरा, पण आपल्याला तो लागतोच, कारण लालभडक झालेल्या सळीने वजनाखाली वाकू नये हे काम त्याचं. मंगला म्हणाली, "भाऊजी, सायीचं राहू द्या, दूध उतू गेलं." तुम्ही खळखळून हसलात आणि ओटा पुसायला फडकं माझ्याकडे फेकलंत.

इथवर आपलं भांडण नव्हतं. भांडण मागच्या खंडेनवमीला सुरू झालं.

आपल्या गावचा रिवाज तुम्हाला काय सांगायचा. सायझिंगचा बॉयलर वर्षभर पुरता गार होत नाही. सुट्टीच्या दिवशीही निखारे राखेखाली झाकून ठेवतात. फक्त खंडेनवमीला आग पूर्ण विझवतात. सळ्या एकेक करून बाहेर काढतात, त्यांना चिकटलेला राखेचा दगड हातोड्याने ठोकून पाडतात, धुऊन पुसून ओळीने मांडतात आणि हळदकुंकू, झेंडू वाहून पूजा करतात. वर्षभर ज्यांच्या पाठीवर आग ठेवली त्यांना त्या दिवशी नमस्कार. मला हा रिवाज फार आवडतो. तुम्हालाही आवडायचा, म्हणून तर आपण दोघं दर वर्षी शेटच्या सायझिंगला जायचो. गावात सगळ्यांत मोठी सायझिंग त्याची, आणि तो जे बसवेल ते बाकीचे बसवतात.

मागच्या वर्षी फायरमन गेंदालालने पहिल्या सळीवर हातोडा घातला आणि सळी चिक्कीसारखी मोडली. दुसरी मोडली. तिसऱ्या वेळी शेटने हात वर केला. पूजेचं ताट हातात होतं, शेटाणी मागे उभी होती, आणि समोर सळ्यांचे तुकडे. शेट काही ओरडला नाही. तो आत गेला आणि लोहचुंबक घेऊन आला. सळ्या नव्या होत्या तेव्हा हेच चुंबक त्यांना हलकं चिकटलं होतं आणि त्याने तेव्हा तुम्हाला ऐकवलं होतं, "प्रभाकरजी, इसमें लोहा मिलाया है." आता तुकड्याला लावलं तर चिकटेना. तो बुचकळ्यात पडला. "अब तो माल असली दिख रहा है. फिर टूटा कैसे?"

तुम्हाला त्या प्रसंगातही हसू आलं. चुंबकाने त्याला दोन्ही वेळा उलटं सांगितलं होतं. नव्या सळीत काही भाग असा राहतो की जो चुंबकाला ओढतो. त्यात खोट नाही, मिश्रणच तसं आहे. पण वर्षभर मंद लाल आगीत राहून तोच भाग हळूहळू बदलतो, कडक होतो, ठिसूळ होतो आणि चुंबकाला ओळखेनासा होतो. म्हणजे चुंबकाने सळी सोडली की समजायचं, दुखणं आत शिरलं. सळी आगीत असते तोवर काही कळत नाही, आपलं काम चोख करते. गार झाली आणि वर ठोका बसला की गेली. पुस्तकात त्याला सिग्मा म्हणतात. आपल्या भट्टीवरचे रफीकभाई त्याला ठंडी बीमारी म्हणतात, आणि मला तेच नाव जास्त पटतं.

गावोगावच्या भट्ट्यांमध्ये अशा सळ्या वर्षानुवर्षं टिकत असतील, कारण तिथे कुणी त्यांना गार करून हातोड्याने आंघोळ घालत नाही. पूजेच्या दिवशीच सळी मोडणं आपल्याच गावाच्या नशिबी.

परत येताना आपण स्कूटरवरच भांडलो. मी म्हटलं, मिश्रण बदलू. निकेल वाढवू, बाराचं चौदा-पंधरा करू, सिलिकॉन कमी करू. म्हणजे तो बदलणारा भाग मुळात राहणारच नाही. तुम्ही मान हलवलीत. "मिश्रणात काही चूक नाही, दिनू. आगीसाठी बनवलं, आगीत टिकून राहिलं. चूक हातोड्याची हाये."

"मग हातोडा बदलता?"

"मानूस बदलतो."

"गेंदालाल बदलतो? तो बिडी बदलत नाही."

"तू धातूच्या मागे लागला, मी मानसाच्या. पाहू कोन आधी ऐकते."

असीरगढ रोडवरच्या त्या उतारावर मी मागे बसून तुमच्या कानात निकेल-निकेल ओरडत होतो आणि लोक वळून पाहत होते.

मग तुम्ही काय केलंत? सुताराकडून लाकडी मोगऱ्या करून घेतल्यात. बायका घाटावर कपडे बडवायला वापरतात तशा. आणि सायझिंग-सायझिंग फिरून फायरमन लोकांना वाटल्यात. सळी कोमट असतानाच काढा, पाण्यात भिजू द्या, मग मोगरीने हलकं थोपटा, राखेचा दगड सुटतो. हे तुम्ही प्रत्येकाला उभं राहून करून दाखवलंत. गावभर हसू झालं. पानठेल्यावर मला विचारायचे, तुमच्या साडूने काय धोबीघाट काढला का? मी तुमची बाजू घ्यायचो नाही. खरं सांगतो, मीही हसायचो. शेडमध्ये आलो की मात्र तुम्हाला म्हणायचो, निकेल वाढवा, त्या मोगऱ्या चुलीत घाला.

शेटच्या मोडलेल्या सळ्यांच्या जागी नवा संच ओतायचा होता, तेव्हा मी मुलीच्या बाळंतपणासाठी नाशिकला गेलो होतो. परतलो तोवर तुम्ही आणि रफीकभाईंनी ओतून, घासून तो संच बसवूनही टाकला होता. उरलेले तुकडे पुढच्या वितळणीत गेले होते. मी विचारलं, "मिश्रण?" तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "पंचवीस-बारा. अजून काय?" रफीकभाई तिथेच उभे होते, ते भट्टीकडे बघत राहिले. मी कपाळाला हात लावला. नातवाचे पेढे आणले होते, ते तुम्हाला न देता रफीकभाईंच्या हातात दिले. तुम्ही त्यांच्याकडूनच एक घेतलात.

त्यानंतरचं सगळं वर्ष आपण तेच भांडलो. चहाला तेच, जेवणाच्या डब्याला तेच. तुम्ही नवीन नवीन मुद्दे काढायचात. एकदा म्हणालात, निकेल वाढवलं की आपल्याला सोपं होतं, पण फायरमन सळीला कायमचा हातोडाच मारत राहील, आणि माणसाने वर्षातून एक दिवस तरी कशाला तरी हळू हात लावावा. मी म्हटलं, हे कीर्तनात सांगा, कारखान्यात नको. तुम्हाला ते लागलं असं वाटलं मला, पण दुसऱ्या दिवशी तुम्ही जास्तच जोरात भांडलात.

शेवटचं भांडण तुमच्या घरी झालं. डॉक्टरांनी भट्टीवर जायला बंदी केली होती. तुम्ही पलंगावर उशीला टेकून बसला होता आणि आक्कांनी चिवडा दिला होता. मी सरळ विचारलं, खंडेनवमी जवळ आली, शेटच्या सळ्या परत मोडल्या तर? तुम्ही चिवड्यातले दाणे वेचत म्हणालात, "तुले जिंकायचंच हाये का, साडू?" मी म्हटलं, "हो." तुम्ही म्हणालात, "मंग बैस वाट पाहत." आणि डोळे मिटून घेतलेत. मला वाटलं थकलात. मी उठून आलो. त्या आठवड्यातच आक्कांचा फोन आला, आणि पुढचं तुम्हाला सांगायची गरज नाही.

तुम्ही गेल्यावर शेटचा फोन आला. समाचाराचं बोलला, चांगलं बोलला, मग आवाज खाली करून म्हणाला, "देखिए दिनकरजी, इस बार नवमी को टूटा, तो मैं बीड की सलाखें वापस लगवा दूँगा. पूजा में बार-बार अच्छा नहीं लगता." त्याचंही चूक नव्हतं. पण त्याने बीड लावलं की बाकीचेही लावणार, आणि मग आपल्या शेडमध्ये ओतायला काय उरतं? मला रात्रंदिवस तोच घोर. त्याने आधी मागवून ठेवलेला दुसरा संचही आता द्यायचा होता, आणि त्याचं मिश्रण ठरवायला पहिल्यांदाच मी एकटा होतो.

मी आक्कांना विचारायला गेलो. शेडमधला तुमचा हिस्सा आता त्यांचा. निकेल वाढवावं म्हणतो, असं सांगायचं ठरवून गेलो होतो. त्या तुमच्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. माझं बोलणं सुरू व्हायच्या आधीच म्हणाल्या, "दिनकरराव, एक सांगते. त्यायच्या हातचं जे मिश्रण हाये ते तसंच राहू द्या. बाकी तुमाले जे करायचं ते करा. मले त्याच्यातलं काही समजत नाही, पन ते तेवढं राहू द्या."

तुमच्याशी मी शेडमध्ये, स्कूटरवर, कुठेही भांडलो असतो. पण तुमची जागा रिकामी, समोर आक्का, आणि मी तिथे उभा राहून तुमचं मिश्रण चूक होतं असं सिद्ध करायचं? गेलेल्या माणसाला हरवण्यात कसली मर्दुमकी? आणि नाही बदललं तर तुम्ही उभी केलेली शेड माझ्याच हातून बंद होणार. मी चहा पिऊन परत आलो आणि नव्या संचाचं काम नवमीपर्यंत थांबवलं. मंगला म्हणाली, "इतकं काय, दोन भाग निकेलचं तर आहे." तिला म्हटलं, "दोन भागांचं नाही ते."

परवा खंडेनवमी झाली. तुमच्या घरी यंदा सण नाही, म्हणून आपल्या भट्टीची पूजा मीच केली. सुतक नसल्याचा तेवढाच उपयोग झाला. मग रफीकभाईंना मागे बसवून शेटच्या सायझिंगला गेलो. बॉयलर निवला होता. गेंदालालने सळ्या काढून पाण्याच्या टाकीत घातल्या होत्या. मी गुपचूप खिशातलं चुंबक काढून एका सळीला लावलं. चिकटलं नाही. पण त्याने काय कळणार? आत दुखणं शिरलं असेल तरी चुंबक सोडणार, आणि मिश्रण मुळातच बदललेलं असेल तरी सोडणार. निकाल द्यायला एक हातोडाच उरला.

आणि गेंदालालने हातोडा काढलाच नाही.

त्याने टाकीतून सळी उचलली, पोत्यावर ठेवली आणि कोपऱ्यातून तुमची मोगरी आणली. सळी थोपटू लागला, हलक्या हाताने, बाळाच्या पाठीवर थोपटावं तसा. राखेचा दगड तुकड्या-तुकड्याने सुटत गेला. मी पाहत राहिलो. तो वर न बघता म्हणाला, "दादा इतना समझा के गए. पहले हम हँसते थे. अब उनकी बात तो रखनी पड़ेगी ना, भैया." शेटही बाजूला उभा होता, त्यालाही हे मंजूर दिसत होतं. सळ्यांमागून सळ्या निघाल्या, पुसल्या गेल्या, ओळीने लागल्या. एकही मोडली नाही. शेटाणीने कुंकू लावलं, नारळ फुटला. शेट म्हणाला, "चलो, इस बार शुभ हुआ. दूसरा सेट भी भेज दीजिए." आपलं काम झालं होतं. मी तिथूनच हात जोडून निघायला हवं होतं.

पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. सगळे प्रसादाला आत गेले आणि मी परत आलो. ओळीतली शेवटची सळी उचलून जोत्यावर ठेवली, एक टोक अधांतरी, जसं गेल्या वर्षी होतं. भिंतीला टेकलेला जुना हातोडा घेतला. ती मोडली असती तर आतून सगळे धावत आले असते आणि शुभाचं अशुभ झालं असतं, हे मला समजत होतं. तरी मी मारला. पहिला ठोका भीतभीत, दुसरा पुरता जोर लावून. सळी ठण्ण करून वाजली. हातोडा माझ्याच मनगटात झणझणला. सळीवर वण उठला, बाकी चीर नाही, काही नाही. मी तिसरा मारला. परत ठण्ण.

पंचवीस-बारा वर्षभर त्या आगीत राहून असं वाजत नाही, साडूभाऊ. ते तुम्हालाही ठाऊक होतं आणि मलाही.

मागे रफीकभाई उभे होते. त्यांनी माझ्या हातातून हातोडा काढून घेतला आणि खाली ठेवला. मी म्हटलं, "निकेल किती होतं?" ते म्हणाले, "आधा माल तो पंचवीस-बीस का पुराना भंगार डाला था. दादा ने खुद छाँटा. सिलिकॉन भी उन्होंने ही कम करवाया. आप नासिक में थे." वीस भाग निकेलवालं भंगार निम्मं, म्हणजे बाराचं पंधरा-सोळा झालं; मी म्हणत होतो तेच. मी पेढे घेऊन परत यायच्या आधीच. मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलं?" रफीकभाई हसले, आणि हसता हसता त्यांनी गमछ्याने डोळे पुसले. "बोले, साडू को मत बताना. मान गया बोलूँगा तो वो चुप हो जाएगा. फिर मैं दिनभर किससे झगड़ूँगा?"

मी तिथेच जोत्यावर बसलो आणि रडलो. दहाव्याला रडलो नव्हतो, शोकसभेत नव्हतो. शेटाणीने आतून प्रसादाची पुडी पाठवली, ती तशीच हातात राहिली. लबाड माणसा, असं म्हटलं मी तुम्हाला. पहिल्यांदा एकेरीत बोललो, माफ करा. नाही, नका करू माफ. एक अख्खं वर्ष तुम्ही माझ्या बाजूचे असून माझ्याशी भांडलात आणि रोज रात्री मंगलासमोर मी तुमच्या हट्टीपणाच्या नावाने बोटं मोडली. चष्मा पुसत "पंचवीस-बारा, अजून काय" म्हणताना तुम्हाला केवढी मजा वाटली असेल.

संध्याकाळी आक्कांकडे गेलो. त्यांना म्हटलं, "आक्का, तुम्ही म्हणाल तसंच. त्यांच्या हातचं मिश्रण होतं तेच ठेवतो." त्यांच्या चेहऱ्यावर एवढं समाधान आलं की पुढचं काही सांगायची गरजच उरली नाही. त्यांनी खोटं मागितलं नव्हतं आणि मी खोटं दिलं नाही. त्या म्हणाल्या, "पाहा, तुमी उगीच भांडत होते त्यायच्याशी." मी हो म्हटलं. तेवढं तरी तुमच्या खात्यावर राहू दे.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. गेंदालालच्या हातात मोगरी पाहिली तेव्हा मला काय वाटलं ते. माणूस बदलतो, असं तुम्ही म्हणाला होता आणि मी बिडीवरून थट्टा केली होती. गेंदालाल बदलला. रफीकभाई म्हणतात, आणखीही काही सायझिंगमध्ये परवा मोगऱ्याच निघाल्या. सळी आता हातोडा सोसेल अशी आहे आणि तरी तिला कुणी हातोडा मारत नाही. माझं धातूने ऐकलं, तुमचं माणसांनी ऐकलं. तुमचं काम जास्त अवघड होतं. तुम्ही बरोबर होता, साडूभाऊ. हे वाक्य मी तुम्हाला आयुष्यात कधी ऐकवलं नाही, कारण ते ऐकवलं असतं तर तुम्हीही गप्प झाला असता, आणि मग मी कोणाशी बोललो असतो?

उद्या सकाळी नव्या संचाची भट्टी लावतो आहे. भंगार मीच छाटलं. रफीकभाई म्हणाले, ठीक है. मंगला म्हणाली, ठीक आहे. आक्का तर म्हणाल्याच आहेत. सगळं ठीक आहे म्हणे. शेडमध्ये सकाळपासून कुणी मला नाही म्हटलेलं नाही. आपलं भांडण मिटलं, साडूभाऊ, आणि मला ते मिटायला नको होतं.